तळपायावरचा डाग, कमरेवरची जखम: त्वचेचा कॅन्सर खरंच फक्त गोऱ्या लोकांना होतो का?

ऑगस्ट २०२५. ऑस्ट्रेलियाला २०१५ चा वर्ल्डकप जिंकून देणारा कॅप्टन मायकल क्लार्क याने इन्स्टाग्रामवर एक पोस्ट टाकली. नाकावरचा कॅन्सर नुकताच कापून काढला होता. ही पहिली वेळ नव्हती. त्याला त्वचेचा कॅन्सर असल्याचं पहिल्यांदा समजलं २००६ मध्ये, म्हणजे ऐन खेळत असताना. त्यानंतर चेहऱ्यावरच्या अशा जागा त्याने अनेकदा काढून घेतल्या आहेत. पोस्टमध्ये त्याने लोकांना सांगितलं ते इतकंच, की त्वचा तपासून घ्या, आणि माझ्या बाबतीत वेळच्या वेळी तपासणी करत राहिल्यामुळेच हे लवकर सापडलं.

अशी बातमी आली की आपल्याकडे एक प्रतिक्रिया ठरलेली असते. 'हा गोऱ्या लोकांचा आजार आहे, आपल्या कातडीला काही होत नाही.'

हे अर्ध खरं आहे, आणि घोळ उरलेल्या अर्ध्यात आहे. कारण आपल्याकडे हा आजार कमी लोकांना होतो, पण ज्यांना होतो त्यांचं निदान अनेकदा उशिरा होतं. ना पेशंटला शंका येते, ना घरच्यांना. डाग असतो, जखम असते, ती रोज दिसत असते, पण कॅन्सर हा शब्द कुणाच्या डोक्यातच येत नाही.

म्हणून या लेखात काही माणसांचे अनुभव पाहू. काही जगप्रसिद्ध आहेत, काही विदर्भातल्या साध्या बायकांचे आहेत आणि थोडंसं माझ्या घरातलंही आहे. त्यानंतर घरच्या घरी काय बघायचं, डॉक्टरांकडे कधी जायचं आणि तिथे नेमकं काय होतं, तेही समजून घेऊ.

आधी बेसिक: त्वचेचा कॅन्सर म्हणजे काय?

आपली त्वचा सतत नवी होत असते. जुन्या पेशी गळतात, खालून नव्या येतात. या कामात कधी पेशींचा ताबा सुटतो आणि त्या गरज नसताना वाढत राहतात. तोच कॅन्सर. त्वचेच्या बाबतीत त्याचे मुख्य तीन प्रकार आहेत.

पहिला, बेसल सेल कार्सिनोमा. हा सगळ्यात सौम्य मानला जातो. बहुतेक वेळा चेहऱ्यावर, नाकाच्या बाजूला, पापणीजवळ होतो. मोत्यासारखी चमकणारी बारीक गाठ किंवा पुन्हा पुन्हा खपली धरणारी जखम, असं त्याचं रूप. सावळ्या त्वचेवर तो अनेकदा काळपट दिसतो आणि तीळ समजून सोडून दिला जातो. तो शरीरात दूरवर क्वचितच पसरतो, पण दुर्लक्ष केलं तर आहे त्याच जागी खोलवर खात जातो.

दुसरा, स्क्वेमस सेल कार्सिनोमा. खरखरीत, चामखिळीसारखी वाढ किंवा भरून न येणारा व्रण. हा पसरू शकतो. भाजल्याचे जुने व्रण, वर्षानुवर्षं चिघळणाऱ्या जखमा अशा ठिकाणीही तो होतो. आपल्यासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येऊ.

तिसरा, मेलानोमा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींमध्ये होणारा हा कॅन्सर. तिघांत सगळ्यात कमी आढळणारा, पण सगळ्यात धोकादायक. कारण तो लवकर पसरतो. लिम्फ नोड, फुप्फुस, यकृत, मेंदू, कुठेही.

भारतात एकूण कॅन्सरमध्ये त्वचेच्या कॅन्सरचं प्रमाण साधारण एक टक्क्याच्या आत मानलं जातं. याचं श्रेय आपल्या त्वचेतल्या मेलानिनला. हे रंगद्रव्य उन्हातल्या अतिनील किरणांना बऱ्याच प्रमाणात अडवतं. उलट ऑस्ट्रेलियात कडक ऊन आणि गोरी कातडी एकत्र आली. तिथे दर तीनपैकी दोन जणांना वयाच्या सत्तरीपर्यंत कुठला ना कुठला त्वचेचा कॅन्सर होतो.

पण मेलानिन म्हणजे काही चिलखत नाही. आणि काही त्वचेचे कॅन्सर असे आहेत, ज्यांचा उन्हाशी फारसा संबंधच नसतो.

बॉब मार्ले आणि पायाचा अंगठा

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बॉब मार्ले. जमैकाचा हा गायक फुटबॉलवेडा होता. १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याला, नखाखाली दुखणं सुरू झालं. खेळताना मार लागला असेल, असंच सगळ्यांना वाटलं. फुटबॉल खेळणाऱ्या माणसाचं नख काळं पडणं, यात नवल ते काय?

तपासणीत निघाला मेलानोमा. 'ॲक्रल लेंटिजिनस मेलानोमा' असं त्या प्रकाराचं लांबलचक नाव. तळपाय, तळहात आणि नखांखाली हा होतो. म्हणजे जिथे ऊन जवळपास पोचतच नाही तिथे. सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या लोकांमध्ये जो मेलानोमा होतो, त्यात याच प्रकाराचं प्रमाण मोठं असतं. भारतातही मेलानोमाचे पेशंट अनेकदा पायावरची गाठ किंवा डाग घेऊनच येतात.

डॉक्टरांनी अंगठा काढायचा सल्ला दिला होता. मार्लेने धार्मिक श्रद्धेमुळे नकार दिला. नख आणि त्याखालचा भाग काढून तिथे दुसरीकडची त्वचा लावण्यात आली. तो पुन्हा गाऊ लागला, दौरे करू लागला. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना तो कोसळला, तेव्हा कॅन्सर मेंदूपर्यंत गेलेला होता. ११ मे १९८१ रोजी त्याचं निधन झालं. वय फक्त ३६.

फुटबॉलच्या मारामुळे कॅन्सर झाला, अशी गोष्ट आजही सांगितली जाते. मार लागल्यामुळे मेलानोमा होतो असं सिद्ध झालेलं नाही. मात्र 'मार लागलाय' या समजुतीमुळे निदानाला उशीर होतो, हे डॉक्टर वारंवार पाहतात. आपल्याकडे त्या जागी दुसरे शब्द येतात. 'भोवरी झालीय', 'कुरूप आहे', 'नखुरडं झालंय', 'चप्पल लागली'. दहातल्या नऊ वेळा ते खरंही असतं. तपासणी असते ती उरलेल्या एका वेळेसाठी.

आता वर्ध्याला येऊ: नऊवारी आणि कमरेवरची जखम

नोव्हेंबर २०२४ मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात दोन बायकांची माहिती प्रसिद्ध झाली. ती लिहिणाऱ्यांत वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे आणि बिहारमधल्या मधुबनी मेडिकल कॉलेजचे डॉक्टर होते.

पहिल्या बाईंचं वय ७०. उजव्या कुशीला एक दुखरा व्रण, तोही दीड वर्षापासून. त्या साडीच्या आत परकर नेसायच्या आणि त्याची नाडी वर्षानुवर्षं घट्ट बांधत आल्या होत्या. दुसऱ्या बाई साठी ओलांडलेल्या. त्यांचा व्रण दोन वर्षांपासूनचा. त्या ४० वर्षं रोज लुगडं नेसत होत्या, परकराशिवाय, कमरेला घट्ट आवळून.

दोघींच्याही जखमेचा तुकडा तपासला तेव्हा निघाला स्क्वेमस सेल कार्सिनोमा. दुसऱ्या बाईंच्या बाबतीत तो जांघेतल्या लिम्फ नोडपर्यंत गेलेला होता.

हे कसं होतं? रोज एकाच जागी दोरी किंवा कापड घासतं. त्यात घाम, उष्णता, धूळ. आधी कातडी काळी पडते, खाजते, पापुद्रे निघतात. मग बारीक जखमा होतात. त्या भरायच्या आत पुन्हा तिथेच नाडी बसते. अशी वर्षं गेली की क्वचित कधी त्या न भरणाऱ्या जखमेत कॅन्सर तयार होतो. जुन्या व्रणांत होणाऱ्या अशा कॅन्सरला मार्जोलिन अल्सर म्हणतात.

बातम्यांमध्ये याला 'साडी कॅन्सर', 'पेटीकोट कॅन्सर' अशी नावं मिळाली आणि व्हॉट्सॲपवर 'साडी नेसल्याने कॅन्सर होतो' असे मेसेज फिरायला लागले. म्हणून स्पष्ट करून ठेवू. साडीमुळे कॅन्सर होत नाही. एकाच जागी वर्षानुवर्षं घट्ट आवळणं आणि तिथली जखम तशीच सोडून देणं, धोका यात आहे. तसं होऊनही हा कॅन्सर दुर्मिळच आहे. पण टाळण्याचा उपाय इतका सोपा आहे की तो माहीत नसणं परवडणारं नाही.

विशेष म्हणजे ही माहिती आपल्याकडे आजची नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासोबत १९४५ मध्येच एक शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. भारतातल्या चालीरीती आणि कॅन्सर यांचा संबंध हा त्याचा विषय. धोतर कमरेला घट्ट बांधल्याने होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरचं, म्हणजेच 'धोती कॅन्सर'चं वर्णन त्यातलंच. म्हणजे हा फक्त बायकांचा प्रश्न नाही.

काश्मीरमध्ये असाच 'कांगडी कॅन्सर' असतो. थंडीत लोक निखाऱ्यांची शेगडी फेरनच्या आत, अंगाशी धरून बसतात. पोटावर, मांडीवर त्या धगीने वर्षानुवर्षं चट्टे पडतात आणि काहींना तिथे कॅन्सर होतो. गंगेच्या खोऱ्यात, विशेषतः पश्चिम बंगालमध्ये, बोअरवेलच्या पाण्यातलं आर्सेनिक त्वचेच्या कॅन्सरचं कारण ठरलं आहे.

थोडक्यात, ऑस्ट्रेलियात प्रश्न उन्हाचा आहे. आपल्याकडे ऊन आहेच, पण जुने व्रण, भाजल्याचे डाग, घर्षण आणि तळपाय हेही तितकंच बघावं लागतं.

माझ्या आजीच्या कमरेचा पट्टा

वर्ध्याची बातमी वाचली तेव्हा मला आजी आठवली. तिच्या कमरेला काळा पट्टा आहे. लहानपणी तिच्याजवळ झोपायचो तेव्हा मला वाटायचं, सगळ्याच आज्यांच्या कमरेला असा पट्टा असतो. ती आधी लुगडं नेसायची, नंतर पाचवारीवर आली, पण गाठ तिथेच.

मी आईला फोन केला. म्हटलं, आजीच्या कमरेला बघ, जखम वगैरे आहे का. आई म्हणाली, 'अरे तो तर कधीपासूनचा आहे.' मी म्हटलं, म्हणूनच बघ. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. पट्ट्यात एका जागी खपली होती. आजीला विचारलं तर म्हणाली, येते जाते, हळद लावते मी. किती दिवस? ते तिला आठवेना.

तालुक्याच्या गावातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. आजीचा सगळा विरोध होता तो दाखवण्याला. 'पुरुष डॉक्टरपुढे कमर उघडी करायची?' शेवटी बाई डॉक्टर शोधल्या. त्यांनी भिंगातून बघितलं, बोटांनी दाबून बघितलं, जांघेत गाठी आहेत का ते तपासलं. कॅन्सर नव्हता. घर्षणाची जखम आणि वर बुरशीचं इन्फेक्शन. मलम दिलं, नाडीऐवजी रुंद पट्टा लावायला सांगितला आणि एक महिन्याने पुन्हा बोलावलं. भरली नाही तर तुकडा तपासू, म्हणाल्या. महिन्याभरात जखम भरली.

यात बातमी होण्यासारखं काही नाही. पण बाहेर पडताना डॉक्टर आईला जे म्हणाल्या, ते मी विसरलो नाही. बायका अशी जागा दाखवायला येतात तेव्हा बऱ्याचदा वर्ष-दीड वर्ष गेलेलं असतं, आणि उशिराचं कारण पैसा नसतो, लाज असते.

दुसऱ्याची नजर का लागते?

इथे 'नजर' चांगल्या अर्थाने.

हॉलिवूड अभिनेता ह्यू जॅकमन याने नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितलं की नाकावरचा डाग तपासून घे असा आग्रह त्याच्या बायकोने धरला होता. तो डाग निघाला बेसल सेल कार्सिनोमा. त्यानंतरही त्याला अनेकदा अशा जागा काढाव्या लागल्या. तो आता नियमित तपासण्या करतो आणि प्रत्येक वेळी नाकावर पट्टी लावून चाहत्यांना सनस्क्रीनची आठवण करून देतो.

आपली पाठ, मानेचा मागचा भाग, कानामागची जागा, डोक्याची त्वचा आपल्याला दिसत नाही. ती नवरा-बायकोला दिसते, आईला दिसते, केस कापणाऱ्याला दिसते. म्हातारपणी वाकता येत नाही, त्यामुळे स्वतःचा तळपायसुद्धा दिसत नाही. डायबिटीस असेल तर तिथलं दुखणंही जाणवत नाही. म्हणून ही तपासणी एकट्याने करण्यापेक्षा घरातल्यांनी एकमेकांची करावी.

क्रिकेटमधलंच आणखी एक उदाहरण. ऑस्ट्रेलियाचे माजी कॅप्टन आणि समालोचक रिची बेनो. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनी आपल्याला त्वचेचा कॅन्सर असल्याचं जाहीर केलं आणि १० एप्रिल २०१५ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. तरुणपणी ते टोपी न घालता खेळायचे, कारण त्यांचे हिरो किथ मिलर टोपी घालत नसत. सगळ्यांनी डोकं झाका, असं त्यांनी आजारपणात सांगितलं होतं.

ज्या वर्षी बॉब मार्ले गेला, त्याच १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' ही मोहीम सुरू झाली. अंगभर शर्ट घाला, सनस्क्रीन लावा, टोपी घाला, हे सांगणारा सिड नावाचा कार्टून सीगल तिथल्या पिढ्यांना पाठ झाला. बेनो यांच्या पिढीला तो तरुणपणी भेटला नाही.

लवकर सापडलं तर नेमका फरक किती?

अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार, मेलानोमा त्वचेपुरताच असताना सापडला तर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त आहे. तोच शरीरात दूरवर पसरल्यावर सापडला तर हे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवर येतं.

उपचारातही तसाच फरक पडतो. लवकर सापडला तर बहुतेकदा डाग आणि भोवतालची थोडी त्वचा कापून काढली की काम होतं. उशीर झाला तर मोठं ऑपरेशन, रेडिएशन, इम्युनोथेरपी.

पसरलेला मेलानोमा म्हणजे सगळं संपलं, असं मात्र आता राहिलेलं नाही. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांना २०१५ मध्ये, वयाच्या नव्वदीत, यकृत आणि मेंदूपर्यंत पसरलेल्या मेलानोमाचं निदान झालं. ऑपरेशन, रेडिएशन आणि पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध, असे उपचार झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॅन्सरची चिन्हं दिसत नसल्याचं त्यांनी जाहीर केलं. ते २९ डिसेंबर २०२४ रोजी गेले, वयाची शंभरी पूर्ण करून. पण ही औषधं प्रत्येकावर अशी लागू पडत नाहीत आणि त्यांचा खर्च लाखांत जातो. तीळ वेळेवर दाखवणं त्याच्या तुलनेत काहीच नाही.

घरी काय बघायचं?

महिन्यातून एक दिवस ठरवा. आंघोळीनंतर, चांगल्या उजेडात, दहा मिनिटं. आरसा आणि मोबाईलचा कॅमेरा पुरे. डोक्यापासून सुरुवात करा. केसांत भांग पाडून डोक्याची त्वचा, कानामागे, मान, पाठ, काखा, कंबर, जांघा, मग पाय. तळपाय, बोटांच्या मधल्या फटी आणि सगळी नखं विसरू नका. नेलपॉलिश असेल तर काढून बघा.

तिळांसाठी डॉक्टर 'ए बी सी डी ई' हे सूत्र वापरतात. मराठीत ते असं लक्षात ठेवता येईल:

- दोन अर्ध: तिळाच्या मधून रेष ओढली असं समजा. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर लक्ष द्या.
- कडा: साध्या तिळाची कडा स्वच्छ असते. वेडीवाकडी, पसरट, शाई फुटल्यासारखी कडा असेल तर दाखवा.
- रंग: एकाच तिळात काळा, तपकिरी, लालसर, निळसर असे वेगवेगळे रंग.
- आकार: ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, म्हणजे पेन्सिलच्या मागच्या रबरापेक्षा मोठा. लहान मेलानोमाही असतात, त्यामुळे फक्त आकारावर विसंबू नका.
- बदल: पाचांतला हा सगळ्यात महत्त्वाचा. तीळ वाढतोय, उंच होतोय, खाजतोय, त्यातून रक्त येतंय किंवा तिशी-चाळिशीनंतर नवाच आलाय.

आणखी एक सोपी युक्ती आहे. एका माणसाच्या अंगावरचे तीळ साधारण एकमेकांसारखे दिसतात. त्यात एखादा अगदीच वेगळा दिसला तर तो दाखवा.

पण हे सूत्र तिळापुरतं. आपल्यासाठी ही यादीही तितकीच महत्त्वाची:

- चार आठवड्यांत भरून न आलेली कोणतीही जखम, किंवा भरते आणि पुन्हा तिथेच येते अशी खपली.
- भाजल्याच्या जुन्या व्रणात नव्याने आलेली गाठ, जखम, दुर्गंधी किंवा रक्त.
- तळपायावर, तळहातावर नवा काळा डाग किंवा औषध लावूनही न जाणारी 'भोवरी'.
- एकाच नखात आलेली काळी उभी रेष, जी रुंद होत चाललीय किंवा जिचा काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरलाय.
- ओठावरचा न भरणारा चट्टा.

नखांबद्दल घाबरून जाऊ नका. सावळ्या लोकांच्या अनेक नखांवर फिकट काळ्या रेषा असणं बऱ्याचदा नॉर्मल असतं. मार लागून साकळलेलं रक्त असेल तर तो डाग नखासोबत हळूहळू पुढे सरकतो. डाग जागचा हलत नसेल, किंवा मार लागल्याचं आठवतच नसेल, तर मात्र दाखवा.

शंका आली की फोटो काढा. शेजारी स्केलपट्टी किंवा एक रुपयाचं नाणं ठेवा आणि तारीख लिहा. महिन्याने पुन्हा त्याच उजेडात फोटो काढला की बदल कळतो. पण रक्त येत असेल किंवा डाग झपाट्याने वाढत असेल तर महिनाभर थांबू नका. आणि फोटोवरून ॲप किंवा ग्रुपमधले लोक जे निदान देतात, त्यावर निर्धास्त होऊ नका.

डॉक्टरांकडे नेमकं काय होतं?

त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप नावाच्या उजेड असलेल्या भिंगातून डाग बघतात. बहुतेकांना तिथेच 'काही नाही' असं ऐकायला मिळतं आणि ते घरी जातात. शंका वाटली तर बायोप्सी. जागा बधिर करून छोटासा तुकडा किंवा पूर्ण डागच काढतात आणि लॅबला पाठवतात. काम मिनिटांचं असतं, ॲडमिट व्हावं लागत नाही.

'सुरी लावली की कॅन्सर पसरतो' ही भीती आपल्याकडे खोलवर बसलेली आहे. योग्य पद्धतीने केलेल्या बायोप्सीमुळे त्वचेचा कॅन्सर पसरत नाही. बायोप्सीशिवाय मात्र पक्कं निदान होत नाही.

उलट खरा धोका घरगुती उपायांत आहे. चुना-सोडा लावून तीळ जाळणं, घोड्याच्या शेपटीचा केस बांधून चामखीळ पाडणं, पार्लरमध्ये तीळ 'उडवून' घेणं. यात वरचा भाग जातो, मुळातलं राहतं आणि तपासायला तुकडाच उरत नाही. तीळ फक्त दिसण्यासाठी काढायचा असला तरी आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि काढलेला भाग लॅबला पाठवणार का, हे विचारा.

खर्चाची काळजी असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजांच्या हॉस्पिटलमध्ये त्वचारोग विभागाची ओपीडी असते. मुंबईत केईएम, जेजे, पुण्यात ससून ही त्यातली ओळखीची नावं. निदान झालंच तर कॅन्सरवरचे अनेक उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत येतात. कोणत्या हॉस्पिटलमध्ये कोणता उपचार मिळेल, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

कुणी जास्त जपायचं?

ज्यांची त्वचा आणि केस जन्मतः पांढरे आहेत, म्हणजे ज्यांना अल्बिनिझम आहे, त्यांना मेलानिनचं संरक्षण नसतं. त्यांच्यासाठी ऊन टाळणं आणि नियमित तपासणी फार गरजेची. किडनी किंवा इतर अवयव बदलल्यानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, पूर्वी रेडिएशन घेतलेले, भाजल्याचे मोठे व्रण असलेले, घरात कुणाला मेलानोमा झालेले लोक, यांनीही डॉक्टरांना एकदा पूर्ण त्वचा दाखवून ठेवावी.

बाकीच्यांसाठी साध्या गोष्टी. दुपारी ११ ते ३ च्या उन्हात काम असेल तर टोपी किंवा उपरणं, पूर्ण बाह्यांचे कपडे. उन्हात बराच वेळ जाणार असेल तर उघड्या भागाला सनस्क्रीन. कंबरेला नाडीऐवजी रुंद पट्टा किंवा इलॅस्टिक, गाठीची जागा अधूनमधून बदलणं, घरी असताना सैल कपडे. आणि जखम झालीच तर ती भरेपर्यंत त्या जागी काहीही आवळायचं नाही.

शेवटी एक काम

हा लेख वाचून झाल्यावर तुम्ही तो शेअर कराल किंवा पुढची रील बघाल. त्याआधी एक करा. घरात साठीच्या पुढचं जे कुणी आहे, त्यांना विचारा, 'अंगावर कुठे न भरणारी जखम आहे का? पायाला, कमरेला?' उत्तर बहुतेक 'नाही' असेल, किंवा 'आहे, पण कधीपासूनचीच आहे' असं.

दुसरं उत्तर आलं तर या आठवड्यात डॉक्टरांकडे घेऊन जा. बाई डॉक्टर हव्या असतील तर तशा शोधा. कॅन्सर नसण्याचीच शक्यता जास्त आहे. आजीचाही नव्हता. पण ते आम्हाला कळलं, ते दाखवल्यामुळेच.

(ही माहिती सर्वसामान्य वाचकांसाठी आहे. निदान आणि उपचार तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.)